तिन्हीसांजेचं लिहिणं

मला लिहायची भीती वाटते. आयुष्य त्यातच गेलं, चार-पाच पुस्तकं नावावर आहेत, तरी वाटते. कुठे व्याख्यानाला बोलावलं की शेवटी कुणीतरी उठून विचारतंच, मॅडम, इतकी वर्षं लिहीत राहायची प्रेरणा कुठून मिळते? मी वाचनाबद्दल, माणसांबद्दल काहीतरी बरं दिसेल असं बोलते आणि शाल-नारळ घेऊन घरी येते. खरं उत्तर द्यायचं तर मुलुंडच्या आमच्या दोन खोल्या सांगाव्या लागतील, आईची दिवा लावायची वेळ सांगावी लागेल, आणि सतरा वर्षांची असताना मी माझ्या वडिलांना कागदावर कसं मारलं तेही सांगावं लागेल. तेवढा वेळ हॉलवाल्यांकडे नसतो. इथे आहे, म्हणून सांगते.

आमच्या दोन खोल्या मुलुंड पश्चिमेला, आग्रा रोडपासून आत आलेल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होत्या. पुढे लांबच लांब गॅलरी. घरात आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि आईची धाकटी बहीण कमलमावशी. बाबा आग्रा रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात पितळी नळ बनवायचे. त्यांच्या हातांना आणि शर्टाला पितळेचा वास असायचा, तो आंघोळीनेही जायचा नाही. साडेपाचला कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि सव्वासहाच्या सुमारास खाली त्यांची सायकल स्टँडवर लागल्याचा खट्ट असा आवाज यायचा. त्या आवाजाला आई चहाचं आधण उतरवायची. आम्ही मूळचे मालवणकडचे, त्यामुळे घरात कुळथाची पिठी, सुकट, घावणे, सोलकढी यांचं राज्य. आई भात टाकायची तेव्हा तांदूळ निवडताना, धुताना, शिजताना सतत तोंडाने काहीतरी पुटपुटत असायची. लहानपणी मला वाटायचं ती भाताशी बोलते. मोठी झाल्यावर कळलं की ती देवाशी बोलत असायची, आणि विषय बहुतेक करून आम्हीच असायचो.

आईची एक पक्की समजूत होती. दिवेलागणीला वास्तू जागी होते आणि घरात जे बोललं जाईल त्याला तथास्तु म्हणते. म्हणून तिन्हीसांजेला कुणी शिंकलं तरी ती दचकायची. ‘मरूदे’, ‘आग लागो’, ‘वाट लागली’ यांतलं काहीही त्या वेळी कुणाच्या तोंडून निघालं की ती हातातलं काम टाकून यायची. “हेमे, तिन्हीसांजेक वायट बोला नको,” ती मला म्हणायची, “घर आयकता.” घर ऐकतं हे मला अगदी खरं वाटायचं. दुपारी आमचं घर साधं असायचं, पण त्या अर्ध्या तासात भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. आई समई लावून, हात जोडून गॅलरीत भाजी निवडायला जायची. बाबा वाटेत असायचे, मावशी कामावर. स्वयंपाकघराच्या खिडकीत शेवटचा उजेड असायचा आणि तांदळाच्या उपड्या डब्यावर बसून लिहायला मला मिळायची ती नेमकी तेवढीच वेळ. बाकी दिवसभर त्या घरात बूड टेकायला जागा नसे. म्हणजे ज्या वेळी बोलायचीही चोरी, त्या वेळी मी लिहीत बसायचे. आई अडाणी नव्हती, पण लिहिलेलंही घर ऐकतं का, हा प्रश्न तिला कधी पडला नसावा. मला पडला होता. विचारायची हिंमत झाली नाही.

माझं लिहिलेलं वाचायची ती एकटी कमलमावशी. ती एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. पट्ट्यावरून खोके यायचे, ते तपासून त्यावर खूण करायचं तिचं काम. त्यासाठी त्यांना एक पेन्सिल मिळायची, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी. खोका बरोबर असला तर निळी खूण, काही खोट असली तर लाल. ती पेन्सिल मावशीच्या अंबाड्यात कायम खोचलेली असायची, घरी सुद्धा. ती जेवणानंतर माझी वही मांडीवर घ्यायची, पर्समधले खारे दाणे एकेक तोंडात टाकत वाचायची, मधेच हसायची तेव्हा पुढचा अर्धा तुटलेला दात दिसायचा. चांगलं आहे, वाईट आहे, असलं काही कधी म्हणाली नाही. वाचून जिथपर्यंत आली असेल त्या पानाच्या तळाशी निळ्या टोकाने एकच शब्द लिहायची: पुढे? आणि वही माझ्या अंगावर टाकायची. “चल, उद्या पुढचं पान पाहिजे मला. झकास चाललंय. थांबलीस तर बघ हां!” त्या एका शब्दासाठी मी रोज त्या डब्यावर बसायचे. दुसरी कसली प्रेरणा मला ठाऊक नव्हती.

त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे एकदा मनोरीला, समुद्रावर गेलो होतो. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीत बसताना मावशीचा पाय घसरला आणि ती एका हाताने कठडा धरून लोंबकळली. लोकांनी तिला वर ओढलं, सगळे हसले, तीही हसली. मी हसले नाही. मला ती पाण्यात गेलेलीच दिसली होती, आणि त्याबरोबरच एक गोष्ट आली. घरी आल्यावर चार संध्याकाळी मी ती लिहून काढली. एक बाई, तिचा दात अर्धा तुटलेला, पर्समध्ये खारे दाणे, मनोरीच्या बोटीतून पडते आणि सापडत नाही. पाण्यावर दाणे तरंगत राहतात. तिथे मी गोष्ट संपवली. लिहून झालं तेव्हा आत समई पेटलेली होती आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि हे मावशीला दाखवता येणार नाही हेही. ती वही मी पलंगाखालच्या गोधड्यांच्या ट्रंकेत, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली घातली. मावशीला सांगितलं, सध्या काही सुचत नाही. “सुचत नाही काय? नाटकं करते नुसती,” ती म्हणाली.

त्यानंतर महिन्याभरात मावशीला कावीळ झाली. आधी नुसता ताप आणि थंडी वाजायची, मग डोळे पिवळे झाले. आईने मुगाचं पाणी, उसाचा रस, गावाहून मागवलेली मुळी, सगळं केलं. मग हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे ती नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी बाबा एकटे परत आले, सायकलला स्टँड न लावता ती भिंतीला टेकवली, आणि मला कळलं. आई तेव्हा रडली नाही. ती दोन दिवसांनी रडली, अंबाड्यातली ती पेन्सिल हॉस्पिटलच्या पिशवीत सापडली तेव्हा. रडताना म्हणाली, “कोणाच्या तोंडातसून काय वायट इला असात, देवाक ठावक.” ती शेजारणींना म्हणत होती. मी कोपऱ्यात बसले होते. कुणाच्या तोंडून नाही, माझ्या हातून. पाणी नाही तर कावीळ, एवढाच काय तो फरक. घराने ऐकलं होतं.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आज लिहिते आहे ते पहिल्यांदा. नातवंडांच्या वयाच्या मुली आता मोबाइलवर सगळ्या जगाला सगळं सांगून मोकळ्या होतात, त्यांचं मला नवल वाटतं आणि थोडा हेवाही. माझ्या मनात तेव्हा एकच होतं की बाबांना, आईला कळलं तर ते मला घरात ठेवणार नाहीत.

मी लिहिणं बंद केलं. वर्ष, सव्वा वर्ष. नुसत्या गोष्टीच नाहीत, कुठेही काही वाईट लिहायला माझा हात धजेना. कॉलेजला आजारी म्हणून चिठ्ठी लिहायची तर ‘आजारी’ शब्द टाळून ‘घरगुती अडचण’ लिहायचे. आईचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यात गावच्या आजोबांची तब्येत विचारायची असली की मी नुसतं ‘सर्व कुशल असेलच’ लिहायचे आणि आई म्हणायची, गुडघ्याचा विचारलंस काय? बारावीला चाचणीत निबंध आला, पूरग्रस्ताचे मनोगत. मी तीन पानं लिहिली. पाऊस पडला, नदी फुगली, पाणी गावात आलं आणि आमच्या पायरीशी येऊन थांबलं. गाईगुरं वाचली, शेजारी वाचले, पीकसुद्धा वाचलं. मराठीच्या बाईंनी मला टेबलाशी बोलावलं. त्या फटकळ होत्या. “हेमा, अगं हा पूरग्रस्त आहे का सहलीला आलेला माणूस? काहीच होत नाही तुझ्या पुरात. तू घाबरतेस कशाला?” त्यांनी ते सहज विचारलं. वर्ग हसला. मी जागेवर येऊन बसले आणि माझे कान तापले, कारण सव्वा वर्षात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर तेच विचारलं होतं.

खरी गोष्ट अशी की लिहिणं थांबलं तरी गोष्टी यायच्या थांबल्या नव्हत्या. भांडी घासताना यायच्या, रॉकेलच्या रांगेत यायच्या. प्रत्येकीत काहीतरी होत असे, कुणाचं तरी काही जात असे, आणि मी मनातल्या मनात ती पुसून टाकत असे. दमले होते मी. वाटायला लागलं, एक तर मी मावशीला मारलं आहे, नाही तर नाही. मारलं असेल तर पुन्हा पेन हातात धरायचं नाही, संपलं. नसेल तर हे कशासाठी भोगते आहे? एकदा काय ते कळायला हवं होतं. आणि कळून घ्यायचा मला एकच मार्ग सुचला. तो आठवला की आजही मला त्या मुलीला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

पुन्हा एक मरण लिहायचं, तिन्हीसांजेला, घरात बसून, आणि बघायचं. कुणाचं? आधी स्वतःचं लिहावं म्हटलं, पण मग बघणार कोण? शेजारच्या खडूस काकांचं मनात आलं, पण त्यांनी काय केलं होतं माझं? आणि ज्याच्यावर जीव नाही त्याचं लिहून काय कळणार? मावशीवर माझा जीव होता. तेवढाच जीव आता एकाच माणसावर होता.

त्या संध्याकाळी भोंगा झाला. आईने समई लावली, हात जोडले आणि चवळीची जुडी घेऊन गॅलरीत गेली. मी डब्यावर बसले. वही नव्हतीच, कॅलेंडरची जुनी पानं होती, त्यांच्या पाठीवर लिहिलं. बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, म्हणजे ऐकणाऱ्याचा घोटाळा नको. मग तीन वाक्यं. ते आग्रा रोडवरून सायकलने घरी येत होते. एका ट्रकने त्यांना उडवलं. ते गेले. लिहून पेन खाली ठेवलं आणि खालच्या आवाजांकडे कान लावून बसले.

सव्वासहा झाले. साडेसहा झाले. खाली सायकली येत होत्या, जात होत्या, पण तो खट्ट ऐकू येत नव्हता. आईने आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. पावणेसातला ती म्हणाली, “आज उशीर करतत ते.” सातला ती गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि देवाचं नाव घ्यायला लागली. तिचं ते पुटपुटणं मला सहन होईना. मी कागद फाडायला घेतला आणि थांबले. फाडून काय होणार? ऐकणाऱ्याने ऐकलं होतं. खोडूनही उपयोग नव्हता. मला एकच सुचलं की लिहिलेलं मागे घेता येत नाही, पण अजून ते संपलेलं नाही. मी पेन उचललं. ते गेले, असं लोकांना वाटलं. पण ते रस्त्याच्या कडेच्या गवतात पडले होते. अक्षर माझं मलाच लागेना, तरी मी थांबले नाही, कारण थांबले तर बाबा तिथे गवतातच पडून राहतील असं मला अगदी खरं वाटत होतं. ट्रकवाला पळाला नाही. तो खाली उतरला. त्याने आपल्या गमछ्याने त्यांचं रक्त पुसलं. त्यांना उचलून शेजारी बसवलं. ट्रकमध्ये कांदे होते. त्याची मुलगी नाशिककडे कुठेतरी होती, बाबांना बघून त्याला ती आठवली. एक पान संपलं, दुसरं घेतलं. खिडकीतला उजेड गेला होता, मी समईजवळ सरकले. ट्रकवाल्याच्या मुलीला काय नाव द्यावं हे ठरत नव्हतं. सीता बरं वाटेना. गंगू? गंगू चाललं असतं, पण मुलगी नाजूक होती.

आणि मधेच माझ्या लक्षात आलं, मी कितीतरी वेळ सायकलच्या आवाजाकडे कान दिलाच नव्हता. माझे बाबा घरी आले नव्हते, आई बाहेर देवाचं नाव घेत उभी होती, आणि मी एका नसलेल्या मुलीचं नाव शोधत होते. त्या क्षणी मला वास्तूची वाटली नसेल एवढी माझी स्वतःची भीती वाटली. ही कोण बसली आहे डब्यावर? तरीसुद्धा, लपवत नाही, मी तिचं नाव लिहिलं. चंपा.

खाली खट्ट झालं.

मी पळत गॅलरीत गेले ती जिन्यातच बाबांना जाऊन धडकले. त्यांच्या एका हातात पिशवी होती, हात ग्रीसने काळे, आणि तो पितळेचा वास. मी त्यांच्या शर्टाला धरून हमसून हमसून रडायला लागले. बाबा गोंधळले. “काय गो हेमे, रडतंस कित्याक? मी काय मेलंय?” आई वरून ओरडली, “तिन्हीसांजेचा काय बोलतास ओ!” तेव्हा चांगलाच काळोख पडला होता, तिन्हीसांज केव्हाच सरली होती, पण तिलाही भान नव्हतं. बाबा हसत वर आले. गावचा कुणी सदू भांडुपला भावाकडे आला होता, त्याने सुके काजूगर आणले होते, ते आणायला बाबा परस्पर तिकडे गेले आणि येताना सायकलची हवा गेली. “ढकलत ढकलत इलंय मुलुंडापर्यंत, आणि हयसर रडारड!” आई काजूगर कढत पाण्यात टाकून सोलायला बसली. सोलता सोलता तिने एकदा माझ्याकडे आणि समईपाशी पडलेल्या कागदांकडे पाहिलं. तिला कळलं की नाही मला कधीच कळलं नाही. त्या दिवशी काजूच्या उसळीला मीठ जास्त झालं होतं आणि बाबांनी तरी तीनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आई दळण आणायला गेली असताना, ती कॅलेंडरची पानं ठेवायला मी गोधड्यांची ट्रंक उघडली. मावशीच्या गोष्टीची वही सव्वा वर्ष तिथेच होती. आता ती एकदा बघू शकेन असं मला वाटलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. बोट, कठडा, पाणी, तरंगणारे दाणे. शेवटचं पान अर्धंच लिहिलेलं होतं. त्याच्या तळाशी, निळ्या टोकाने, तिच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: पुढे?

मी ट्रंकेशेजारी फरशीवर बसून राहिले. मग आठवलं, ताप यायला लागला तेव्हा एका दुपारी थंडी वाजते म्हणून तिने आपल्या हाताने ट्रंकेच्या तळातली जाड गोधडी काढून घेतली होती. मी कॉलेजात होते. म्हणजे ती वाचत पडली होती. स्वतःचा तुटका दात, स्वतःचे दाणे, स्वतःचं बुडणं, सगळं तिने वाचलं होतं, तेही तापात. मला काही बोलली नाही. एक भीती जावी तर दुसरी आली: हे वाचूनच तिने हाय खाल्ली नसेल ना? त्याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही आणि आता मिळायचंही नाही. पण लाल टोक तिच्या हाताशी होतं आणि तिने निळं वापरलं, एवढं मी डोळ्यांनी बघत होते. मी खूप रडले. आईच्या चपला जिन्यात वाजेपर्यंत त्या बुडालेल्या बाईच्या पुढची सहा ओळींची सुरुवात झाली होती. ती चांगली नव्हती.

आता त्या गल्लीत आमच्या बिल्डिंगच्या जागी टॉवर आहे आणि मी त्याच जागेवर, पण अकराव्या मजल्यावर राहते. आई-बाबा आपापल्या वेळी, आपापल्या वयात गेले, माझ्या कुठल्या कागदाशिवाय. पुढचं पान कुणी मागत नाही. मागितलं तरी मासिकवाले मागतात, तेही दिवाळीच्या तोंडावर. दिवेलागणीला मी अजून लिहायला बसते, अजून भीती वाटते. माझ्याकडे एक लाल-निळी पेन्सिल असते, आता फार फिरावं लागतं तिच्यासाठी. पान संपलं की तळाशी निळ्या टोकाने तो शब्द मीच लिहिते आणि वही मिटते. दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर द्यायला कुणीतरी लागतं, ते मी असते.

काल संध्याकाळी चालू गोष्टीतल्या एका म्हाताऱ्या बाईला अकराव्या मजल्यावर, एकटी असताना, छातीत कळ आली. लिहिताना हात थांबला. देवाजवळ दिवा लागलेला होता. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले, मग खाली निळ्याने शब्द लिहिला आणि वही मिटली. आज सकाळी जाग आल्यावर आधी छातीवर हात ठेवून बघितला. मग चहासुद्धा न टाकता वही उघडली.